उजव्या गुडघ्याची बातमी

हणमंत शेळकेला हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या संघाला देऊन टाकावं की ठेवावं, या वादात दिग्विजय सूर्यवंशीचा पुढचा दात पडला.

विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात ‘तिसरी चढाई’चा कार्यक्रम चालू होता. सांगलीच्या कबड्डीवेड्यांची ही वाहिनी दिग्विजय आणि रेवती चौगुले या दोघांनी कॉलेजात असताना गंमत म्हणून सुरू केली होती. आता रेवती अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होती, दिग्विजयने वडिलांचं हार्डवेअरचं दुकान सांभाळायला घेतलं होतं, आणि वाहिनीच्या नादाने अर्धा जिल्हा खुळा झाला होता. कृष्णाकाठ संघ हरला की लोक आधी शिव्या घालत आणि मग अंदाज बांधायला बसत. अदलाबदलीचा पंधरवडा जवळ आला की दुसरा विषयच नसे. मावळचा जसमेर आपल्याकडे येतोय, आपला मध्यरक्षक पाटण्याला चाललाय, अकादमीतल्या अमक्याला मुख्य संघात बोलावणं आलंय. आतली बातमी प्रत्येकाकडे असायची, फक्त प्रत्येकाची वेगळी असायची.

त्या दुपारी कुपवाडहून आलेल्या एका टोळक्याने मांडलं की हणमंत संपला, तो धावत नाही, ओढत चालतो. कर्णधार असला म्हणून काय झालं, मागणी आहे तोवर त्याला देऊन टाका. पलीकडे हणमंतच्या पलूस भागातली माणसं बसली होती. पहिली खुर्ची कुणी उचलली हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. दिग्विजय माईक घेऊन मध्ये पडला आणि लोखंडी पाठीचा फटका थेट त्याच्या तोंडावर बसला. कुपवाडच्या एकाला चौघांनी व्यासपीठावर पाडलं. तो हात वर करायचा थांबला तरी ते लाथा घालत राहिले. त्याला उचलून नेलं तेव्हा त्याचा कान अर्धा लोंबत होता.

रेवतीने दिग्विजयच्या तोंडाला ओढणी दाबून धरली होती. तो रक्त थुंकून हसला आणि म्हणाला की प्रक्षेपण चालूच होतं, प्रेक्षक तिप्पट झालेत.

तिला हसू आलं नाही. एका माणसाचा गुडघा किती दिवस टिकेल, याच्या नुसत्या अंदाजावर माणसं एकमेकांचे कान फाडत होती. आणि हे मोजता येईल असं तिला कितीतरी दिवसांपासून वाटत होतं.

रेवतीने पीएच.डी. केली होती ती पुलांच्या तारांवर. झुलत्या पुलाचा जाड दोर शेकडो पोलादी तारांचा असतो. दोर एकदम तुटत नाही. आतली एखादी तार कधीतरी तुटते, आणि तुटताना माणसाच्या कानाला ऐकू न येणारी एक बारीक टिचकी वाजते. पुलावर संवेदक बसवून त्या टिचक्या ऐकत राहिलं, त्यांची गती वाढतेय का ते पाहिलं, की दोरात किती जीव उरलाय ते सांगता येतं.

गुडघ्यातला अस्थिबंधही तसाच. तोही हजारो तंतूंचा पीळ. खेळाडू झटक्यात वळला की त्यातले काही तंतू तुटतात. विश्रांती मिळाली तर शरीर नवे तंतू विणतं, नाही मिळाली तर पीळ बारीक होत जातो. त्या तुटण्याचीही टिचकी वाजते. ती हाडातून टाचेत उतरते आणि टाचेतून मॅटमध्ये. आणि आता मॅट ऐकत होती. रेषेला पाय लागला की नाही यावरची भांडणं मिटावीत म्हणून लीगने दोन हंगामांपूर्वी काचतंतू विणलेल्या मॅट घातल्या होत्या, पायाखालचा प्रत्येक कंप टिपणाऱ्या. ही सगळी माहिती चाहत्यांना खेळायला म्हणून खुली होती. लोक तिच्यावरून कुणाची उडी किती लांब ते काढत. तिच्यातला गोंगाट गाळून खाली काय उरतं, हे कुणी पाहिलं नव्हतं.

रेवतीने ते पाहिलं. दिवाळीच्या सुटीत ती संगणकासमोरून हलली नाही. आधी तिने ज्यांचे गुडघे गेल्या हंगामात तुटले होते त्यांच्या जुन्या सामन्यांची माहिती घातली. प्रत्येकाच्या बाबतीत टिचक्या आधीच दाट झालेल्या होत्या. मग तिने हणमंतची माहिती घातली. उजव्या गुडघ्यात पाचातला जेमतेम एक हिस्सा उरला होता.

ती त्याला भेटायला सरावाच्या मैदानावर गेली. हणमंत बर्फाच्या बादलीत पाय सोडून बसला होता. चढाई करणारा आणि डावा कोपराही राखणारा हा गडी जवळून पाहिला की वयापेक्षा थोराड दिसायचा. तिने सगळं समजावून सांगितलं. त्याने मध्येच एकदाही अडवलं नाही.

“म्हाईत हाय मला,” तो शेवटी म्हणाला. “सकाळी उठलो की गुडघा बोलतो माझ्याशी. पण मॅडम, हे तुमच्या-माझ्यातच ठेवा. हंगाम निघू दे. मग मी आपणच थांबतो.”

तिने मान हलवली. त्याने ते वचन मानलं. तिनेही मानलं होतं, निदान घरी पोचेपर्यंत.

घरी निनाद होता. रेवतीचा धाकटा भाऊ, एकवीस वर्षांचा. आई-वडील अपघातात गेले तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून त्याची आई, बाप आणि ताई सगळं तीच. निनाद कृष्णाकाठच्या अकादमीत दुसऱ्या संघातून खेळायचा. हणमंतसारखीच चढाई, हणमंतसारखाच डावा कोपरा. ‘तिसरी चढाई’वर लोक फोन करून विचारायचे की चौगुलेच्या पोराला कधी बोलावणार, आणि रेवती तो विषय टाळायची. हणमंत जागेवर आहे तोवर निनादला जागा नाही, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. जेवताना ते ताटात वाढलेलं असायचं.

दिग्विजयला तिने आकडा सांगितला तेव्हा त्याने दोन दिवस तिचा पिच्छा सोडला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. पंधरवडा संपायच्या आत बातमी आली तर संघ हणमंतला कमी सामने खेळवणाऱ्या एखाद्या संघाकडे देईल, त्याचा पाय वाचेल, निनादला बोलावणं येईल आणि लोक अंदाजावर डोकी फोडणं थांबवतील. यात वाईट कुणाचं होतंय ते दाखव, असं तो म्हणत राहिला. रेवतीला ते दाखवता आलं नाही. खरं तर तिने शोधलंच नाही.

पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी तिने कार्यक्रमात आकडा सांगितला. शास्त्र समजावलं, आलेख दाखवले. लोकांना शास्त्र नको होतं. त्यांनी त्या आकड्याला ‘दोर’ असं नाव दिलं, आणि हणमंतचा उजवा दोर संपलाय, ही बातमी सूर्य मावळायच्या आत गावभर झाली.

मग जे व्हायला नको होतं ते झालं. हणमंतची बोलणी चालू असलेल्या दोन्ही संघांनी अंग काढून घेतलं. तुटायला आलेला गुडघा कोण घेणार? पंधरवडा मिटला. कृष्णाकाठकडे आयत्या वेळी दुसरा चढाईपटू नव्हता. हणमंतला खेळावंच लागलं, आणि पुढचा सामना मावळशी होता.

रेवती कठड्यालगतच्या रांगेत उभी होती. हणमंत तिसऱ्या चढाईला गेला. यात गुण आणला नाही तर गडी बाद. मावळच्या कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला, पण नेहमीसारखं मागे ओढलं नाही. तो घोटा जमिनीला खिळवून धरून पडून राहिला. दुसरा मध्यातून आला आणि त्याने खांद्याची धडक कमरेला न देता उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दिली. मग जसमेर आला. हरयाणाचा तो धिप्पाड गडी सगळं वजन घेऊन त्याच जागी कोसळला. ओली काठी मोडल्यासारखा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत आला. हणमंतचं पाऊल मागच्या बाजूला वळलं होतं. तो ओरडला नाही. मॅटवर दोन्ही तळवे टेकवून तो स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. तो कुणाचा आहे ते त्याला ओळखू येत नसावं.

पंचांनी पकड वैध ठरवली. घोटा, गुडघा, धडक, सगळं नियमात बसत होतं.

स्टेडियमबाहेर मावळच्या बसवर दगड पडले. चालकाचा डोळा गेला. संध्याकाळी पलूसची माणसं रेवतीच्या दारात आली आणि त्यांनी खिडक्यांची तावदानं फोडली. एक वीट बैठकीच्या खोलीतून आरपार जाऊन देव्हाऱ्यावर आदळली. निनाद हॉकी स्टिक घेऊन जिन्यात उभा राहिला. वर चढलेल्या पहिल्या माणसाच्या मनगटावर त्याने असा घाव घातला की हात कोपरापर्यंत लुळा पडला. मग बाकीचे खाली उतरले.

दोन दिवसांनी निनादला मुख्य संघातून बोलावणं आलं. तो रेवतीच्या पाया पडला. ती फुटलेल्या काचा गोळा करत होती. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या बोटातलं रक्त त्याच्या केसांना लागलं.

हणमंतला ती इस्पितळात भेटायला गेली. त्याच्या बायकोने तिला दाराबाहेरच थांबवलं आणि सांगितलं की डॉक्टर पाय ठेवायचा की काढायचा ते आठवड्याभराने ठरवणार आहेत, तोवर तिने तोंड दाखवू नये. रेवती परतली. पाय राहिला, पण तो वाकत नव्हता.

त्यानंतर लीगने मॅटची माहिती बंद केली. उशीर झाला होता. प्रत्येक संघाने आपापला अभियंता ठेवला, चाहत्यांनी आणि रेवतीनेही कठड्याच्या पत्र्याला संवेदक चिकटवले. प्रत्येक गावात एक ‘दोरवाला’ झाला. अदलाबदलीच्या गप्पा आता कुणाचा खेळ कसा, यावर होत नसत. कुणाच्या कुठल्या हाडाशी काय उरलंय, यावर होत. सामन्याआधी लोक अवयवांची नावं घेऊन घोषणा द्यायचे. गडी मॅटवर उतरले की अख्ख्या स्टेडियमला ठाऊक असायचं की शिकार कुठे करायची आहे. इतरांचे आकडे ढोबळ असत. त्यामुळे सगळे शेवटी ‘तिसरी चढाई’च्याच आकड्याची वाट पाहत. रेवतीने ते सांगणं थांबवावं असं स्वतःला अनेकदा बजावलं. पण ती थांबली तर दुसरे कुणीतरी चुकीचे आकडे सांगतील, असं तिला वाटे. आणि निनाद संघात होता. समोरच्यांचं काय दुखतंय हे त्याला कळणं तिला गरजेचं वाटू लागलं होतं.

निनाद त्यात तरबेज झाला. उत्तरेतल्या एका संघाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात दोघांना स्ट्रेचरवर घालवलं. मग मावळशी परतीचा सामना आला. जसमेरच्या डाव्या मनगटाचा आकडा रेवतीनेच काढला होता. जसमेर चढाईला आला, निनादने त्याला मागून मिठी मारली, डावं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि पडता पडता स्वतःच्या गुडघ्यावर आडवं मोडलं. हाड कातडीतून बाहेर आलं. मॅटवर रक्ताची चूळ टाकल्यासारखा डाग पडला आणि स्टेडियम उभं राहून निनादचं नाव घेऊ लागलं. निनादने गर्दीत रेवतीला शोधलं आणि तिच्याकडे बघून हसला. शाळेत पहिला आल्यावर तो असाच हसायचा.

घरी ती त्याला बोलली. तो जेवत होता, जेवत राहिला.

“त्याने हणमंतदादाचा पाय मोडला होता.”

“म्हणून तू मोडलास?”

“नाही गं,” निनाद म्हणाला. “तू आकडा दिलास म्हणून मोडला. आकडा नसता तर मी नेहमीसारखी कंबर धरली असती.”

तो उठून हात धुवायला गेला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो डाव्या पायावर पूर्ण भार देत नाहीये.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिने त्याच्या सामन्यांची माहिती घातली. इतके आठवडे तिने ती मुद्दाम घातली नव्हती. डावा घोटा. हणमंतच्या गुडघ्यात जेवढं उरलं होतं त्याहूनही कमी. बाकीचं शरीर ठणठणीत होतं, खांदे तर बैलाचे.

उपांत्य सामना होता, आणि समोर पुन्हा मावळच. निनादला थांबवता येईल का, याचा तिने विचार केला. त्याने ऐकलं नसतं. संघाला सांगावं तर त्यांच्या अभियंत्याकडून ती गोष्ट तासाभरात मावळला पोचली असती. इतर दोरवाल्यांना निनादच्या अंगात काहीतरी बारीक झालंय एवढं कळलं होतं, नेमकं कुठे ते सापडत नव्हतं. सगळे तिच्या आकड्याची वाट पाहत होते. बहीण आहे, खरं सांगेल का, यावर इतर वाहिन्यांवर दोन-दोन तास चर्चा चालू होत्या.

तिने कार्यक्रमात सांगितलं की भाऊ असला तरी आकडा लपवणार नाही. निनादचा उजवा खांदा निम्म्याच्या खाली आलाय. तिने खोटे आलेखही बनवले होते, आणि ते खऱ्यापेक्षा चांगले जमले होते. दिग्विजयनेही विश्वास ठेवला. निनादला तिने खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो घोटा जपत पळाला असता आणि मावळला एका नजरेत कळलं असतं. खांदा धडधाकट आहे, तिथे चार गडी आदळले तरी काय होणार, असा तिचा हिशेब होता.

आकडा सांगतो की काय आपणहून तुटेल. चार माणसांनी मनावर घेतलं तर काय तुटेल, हे सांगणारा आकडा तिच्याकडे नव्हता.

मावळने पहिल्या डावात वाट पाहिली. निनादने उजव्या खांद्याला जाड पट्टी बांधली होती आणि ती बाजू तो सतत मागे ठेवत होता, मान डावीकडे कलती धरून. दुसऱ्या डावात तो खोलवर गेला आणि साखळीने त्याला घेरलं. दोघांनी कंबर आणि मांड्या धरल्या. तिसऱ्याने उजवा दंड धरून खाली ओढला. चौथा धावत आला आणि त्याने डोक्याने, खांद्याने, सगळ्या ताकदीनिशी निनादच्या कलत्या मानेच्या आणि उजव्या खांद्याच्या मधल्या खोबणीत धडक मारली. मान एकीकडे गेली, खांदा दुसरीकडे. हाड मोडल्याचा आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. निनाद कोसळला, त्या चौघांच्या खालून सरपटत निघाला आणि एका हाताने मधली रेषा शिवायला पुढे झाला. दुसरा हात त्याच्यामागून पोत्यासारखा घसटत येत होता.

त्याने रेषा शिवली. चार गुण मिळाले. लोक नाचत होते.

उतरून मॅटकडे धावताना रेवतीने कुणाला तरी कोपराने मारलं, कुणाच्या तरी गळ्यातली शिट्टी ओढून तोडली. मावळचा तो चौथा गडी मॅटच्या कडेला गुडघ्यावर बसून धापा टाकत होता. ती त्याच्यावर झेपावली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या तोंडावर मारत राहिली. त्याने हात वर केला नाही. तिला ओढून काढलं तेव्हा तो नाकातून गळणारं रक्त पुसत म्हणाला, “तुम्हीच तर सांगितलं होतं, मॅडम.”

मिरजेतल्या डॉक्टरांनी तिला चित्र काढून दाखवलं. मणक्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा मुळापासून उपटला गेला होता. तुटलेला अस्थिबंध शिवता येतो, मोडलेलं हाड जुळतं. मुळातून उपटलेली नस मणक्यात परत रोवता येत नाही. छातीतली एखादी नस वळवून पाहू, कोपर थोडं वाकलं तर वाकेल, पंज्याची आशा धरू नका, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा आवाज हळू होता. ते स्वतः कृष्णाकाठचे चाहते निघाले.

बाहेरच्या व्हरांड्यात दिग्विजय बाकावर बसला होता. त्याचा फोन सारखा वाजत होता. अंतिम सामन्याला निनादच्या जागी कुणाला बोलावणार, हे लोक विचारत होते. इस्लामपूरच्या एका पोराचं नाव पुढे आलं होतं, आणि त्याच्या दोराचं काय, तेही त्यांना हवं होतं. रेवतीने त्याला विचारलं की तू काय सांगितलंस. अजून काही नाही, असं तो म्हणाला आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली. तिने त्याच्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि त्याच्याजवळ परत दिला. तो पुन्हा चालू करेल हे तिला ठाऊक होतं.

आत निनाद जागा होता. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. तिने खुर्ची ओढली आणि कुणी विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. घोटा, खांदा, खोटे आलेख, सगळं. त्याने छताकडे बघत ऐकलं.

“म्हणजे खांदा चांगला होता,” तो म्हणाला.

“हो.”

“पट्टी उगाचच बांधली मग.”

ती रडत नव्हती. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं. मग निनादने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात मनगटाशी धरला, उचलला आणि तिच्या मांडीवर आणून ठेवला. त्याला तो नीट ठेवता आला नाही, पंजा उलटा पडला. तिने तो सरळ केला. हात गरम होता, नखांत अजून मॅटची निळी धूळ होती.

“आता याचा सांग आकडा,” तो म्हणाला. “खरा सांग, ताई.”

तिने त्याची बोटं आपल्या मुठीत घेतली आणि दाबली. मग अजून जोरात दाबली, त्याला दुखावं इतक्या जोरात, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

“शून्य,” ती म्हणाली.